भट्टीवरच्या पोरांचे चेहरे

तांडापेठेत माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे आणि त्याला लागूनच प्रेमिलाबाई निखारेंचं. मधली भिंत इतकी पातळ की तिकडचं बोलणं इकडे न विचारता कळतं. आता जे सांगतो आहे त्यातलं थोडं असं ऐकलेलं, बरंचसं खुद्द प्रेमिलाबाईंनी आणि कन्हानकडच्या भारतीताईंनी सांगितलेलं, आणि शेवटी शेवटी तर मी स्वतः तिथे उभा होतो.

प्रेमिलाबाईंचा धंदा म्हणजे वारलेल्या माणसांची चित्रं काढणं. घरात कुणी गेलं की लोक आधारकार्डावरचा, नाहीतर लग्नाच्या गर्दीतला नखाएवढा फोटो घेऊन येत. बाई तो चेहरा हातानं मोठा काढून देत, मी काच आणि फ्रेम बसवून देई. तेरवीला हार घालायला चित्र तयार.

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. चंपतराव मूळचे उमरेडचे विणकर. करवती काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवण्यात त्यांचा हात बसलेला होता. माग बंद पडले तेव्हा ते नागपुरात आले, गांधीबागेत एका कापडाच्या दुकानात तागे उचलू लागले. तिथे कुणीतरी त्यांना आपल्या बापाचा फोटो मोठा करून मागितला. चंपतरावांनी फोटोवर चौकटी आखल्या, काठाची नक्षी उतरवावी तसा तो चेहरा उतरवला, आणि त्यांचं नशीबच बदललं. पण पोराला त्यात गोडी नव्हती, तो एसटीत कंडक्टर झाला. गोडी निघाली सुनेला.

"पोरी, सारा चेहरा एकदम नको पाहू, भेव लागते," चंपतराव सांगत. "एक चौकट पाह्य, ते उतरव. मग दुसरी पाह्य."

सासरे गेल्यावर त्यांच्या खुर्चीवर प्रेमिलाबाई बसल्या. गिऱ्हाईक आत डोकावून विचारी, "चंपतराव आहेत का?" तर त्या मान वर न करता म्हणत, "आता मीच आहो, बोला."

मग फ्लेक्स आले. कॉम्प्युटरवर अर्ध्या तासात चेहरा मोठा होऊन, मागे निळं आकाश लावून मिळू लागला. दिवसचे दिवस दुकानात कुणी फिरकेना. अशा दिवसांत भारतीताई रामटेके आल्या. कन्हानच्या पलीकडे, नदीकाठच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका. त्यांना आपल्या वडिलांचं चित्र हातानंच काढलेलं हवं होतं. "फ्लेक्समधले बाबा माह्या बाबासारखे हसत नाहीत," त्या म्हणाल्या.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी प्रेमिलाबाई ते चित्र स्वतः पोचवायला गेल्या. नेमका तो पोलिओच्या डोसाचा दिवस. भारतीताईंना गावाबाहेरच्या वीटभट्टीवर जायचं होतं.

"चाल ना ताई, घडीभराचं काम आहे. मग जेवूनच जाय," त्या म्हणाल्या, आणि प्रेमिलाबाई निघाल्या.

भट्टीवर देवरी, लाखांदूर, बालाघाट अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं. दिवाळी झाली की ट्रकमधून येतात, पाऊस पडायच्या आत परततात. कच्च्या विटांच्या, कमरेएवढ्या भिंतींवर पत्रा टाकला की झालं घर. आईबाप विटा पाडत होते. वाळणाऱ्या विटा उलटवत फिरत होती ती पोरं. सहा वर्षांची, आठ वर्षांची. त्यांच्याहून लहान होती ती कुणा ना कुणाच्या कडेवर.

भारतीताई डोस पाजत होत्या तोवर प्रेमिलाबाई विटांच्या थरावर टेकल्या आणि चित्राभोवती गुंडाळून आणलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर एका पोराचा चेहरा काढू लागल्या. पोरं जमली. "अरे, हा तर सेम आला!" असा गलका झाला. तो ऐकून एक बाई चिखलाचे हात पदराला पुसत आली. तिचं नाव रोशनी कुंभरे. तिच्या मागे आठ वर्षांची मुलगी होती, काजल.

"बाई, तुमी मेलेल्याचे फोटो काढता म्हणे?"

"हाव. काहून?"

"माह्या पोराचा काढून द्या. प्रज्वल नाव होतं. पाच वर्साचा होता. मागच्या पावसात गेला, गावी. आंग दुखे, ताप ये, अन् एक दिवस गेला."

"फोटो आणला का त्याचा?"

"फोटो नाही. कोणी काढलाच नाही."

प्रेमिलाबाईंनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगा मग, कसा होता." रोशनी सांगू लागली. कपाळ मोठं होतं. नाक बापावानी. हसला की एक डोळा बारीक होई. प्रेमिलाबाईंनी काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. दर वेळी रोशनी आशेनं वाकून पाही आणि मान हलवी. शेवटी तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि परत केला.

"राहू द्या. हे चांगलं पोरगं आहे. पण हे माह्यं नोहोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमिलाबाई माझ्या दुकानात येऊन बसल्या. चहा आला, तो तसाच निवला.

"भाऊ, मी आजवर किती मेलेले काढले असतीन. पण त्यायचा जिवंतपणी कोणीतरी फोटो काढून ठेवला होता, म्हणून ना! त्या भट्टीवरच्या एकाही पोट्ट्याचा फोटो नाही. उद्या कमीजास्त झालं तर तो होता, हेच कोण सांगन?" मग उठता उठता म्हणाल्या, "आता जिवंत आहेत तोवरच काढीन साऱ्यायले."

तेव्हापासून त्या दर रविवारी बसनं कन्हानला जाऊ लागल्या. पहिल्याच खेपेला मुनीम बाबनराव आडवे आले. आदल्या वर्षी कुणीतरी मोबाइलवर भट्टीचा व्हिडिओ काढला होता आणि मालकाला त्याचा बराच मनस्ताप झाला होता. तेव्हापासून भट्टीवर मोबाइल वर करायला बंदी होती.

"फोटो काढणं मना आहे बाई."

"फोटो कुठं? मी तं चित्र काढून राहिली."

बाबनरावांनी वहीत डोकावून पाहिलं. कॅमेरा कुठे लपवला आहे का म्हणून पिशवीही पाहिली. पेन्सिली, खोडरबर आणि संत्र्याच्या दोन गोळ्या निघाल्या. "काढा मग," ते म्हणाले. "चित्रानं काय होते?"

प्रेमिलाबाईंची चौकटीची विद्या इथे चालेना. फोटो हलत नाही, पोर हलतं. त्यांनी चौकटी सोडून दिल्या आणि चाळिशी ओलांडल्यावर नव्यानं चित्रकला शिकल्या. पोर समोर बसवायचं आणि त्याच्याशी बोलत बोलत काढायचं. एका चेहऱ्याला अर्धा-पाऊण तास लागे. तेवढा वेळ त्या पोराला विटा उलटवायला कुणी बोलवत नसे. हे आयांच्या लवकरच ध्यानात आलं. मग त्या आपलं सगळ्यात थकलेलं लेकरू पुढे करू लागल्या. "आज याले बसवा बाई, रातभर खोकलून राहिला होता."

पोरांच्याही अटी असत. कुणाला दातातली फट दाखवायची नसे. एका पोराचा हात भट्टीच्या राखेत भाजला होता, त्यानं तो पाठीमागे लपवला. बाईंनी विचारलं नाही. पुढच्या रविवारी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "आता हाताचा बी काढा. दुखत नाही आता."

प्रत्येक चेहरा त्या दोनदा काढत. एक पोराला, एक स्वतःकडे. खाली नाव, वय, गाव. झोपडीत कागद टिकत नाही म्हणून पोराचं चित्र मी प्लास्टिकमध्ये घालून देई. पुढे पुढे झोपड्यांच्या भिंतींवर, देवाच्या तसबिरीशेजारी, ते चेहरे लटकलेले दिसू लागले.

पाऊस जवळ आला तसे ट्रक निघून गेले. दिवाळीनंतर पुन्हा आले. काही पोरं तीच, काही नवी. काजल आली होती. या वेळी प्रेमिलाबाईंनी रंगीत पेन्सिली नेल्या, कारण पोरींचा हट्ट होता की फ्राकाचा रंग आलाच पाहिजे.

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, काजल चित्राला बसली. बसली ती कुडकुडत, गुडघे पोटाशी घेऊन.

"पाय दुखते का वं?"

"रोजच दुखते. बाबा म्हणते कामचोर आहे."

प्रेमिलाबाईंनी फ्राकाचा जांभळा रंग भरला, केस भरले. डोळे काढले. डोळ्यांचं पांढरं त्या नेहमी कागद कोरा सोडूनच दाखवत. पण या वेळी चित्र काही केल्या काजलसारखं दिसेना. त्या समोर पाहत, कागदाकडे पाहत, पुन्हा समोर पाहत. मग त्यांनी पिवळी पेन्सिल उचलली आणि बुबुळांच्या बाजूला हलका हात फिरवला. चेहरा जसाच्या तसा उमटला. आणि त्यांचा हात जागीच थांबला.

मागच्या मार्चमध्येही त्यांनी काजलला काढलं होतं, ते चित्र पिशवीतून बाहेर काढून शेजारी ठेवलं. त्यात गाल भरलेले होते. आताच्या चित्रात गालाची हाडं वर आली होती आणि डोळे हळदीसारखे.

त्या दोन्ही चित्रं घेऊन तशाच भारतीताईंकडे गेल्या. भारतीताईंनी पाहिलं मात्र, त्यांच्या तोंडून निघालं, "ताई, हे सिकल तं नसन? आंगदुखी, पिवळे डोळे... अन् हिचा भाऊ पण अंगदुखीनंच गेला ना?"

सिकलसेल आमच्या भागाला नवा नाही. रक्ताचा आजार, आईबापाकडून येणारा. वेळेवर कळला तर औषधानं सांभाळता येतो. पण काजलचा बाप गोविंदा मुनिमाला विचारल्याशिवाय हलायला तयार नव्हता, आणि बाबनराव म्हणाले, "हंगामाच्या मध्यात कोणाले सोडता येत नाही. अन् कोण बिमार आहे? सारे ठणठणीत आहेत."

प्रेमिलाबाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी बाबनरावांच्या टेबलावर दोन्ही चित्रं ठेवली. मार्चची काजल आणि जानेवारीची काजल. रोज सकाळ-संध्याकाळ ती पोरगी त्यांच्या टेबलासमोरून जात होती. बाबनरावांनी चष्मा लावला. एकदा हे पाहिलं, एकदा ते पाहिलं. मग बाहेर येऊन ओरडले, "ए, ट्रॅक्टर कामठीकडं जाऊन राहिला ना? थांबव. गोविंदा, पोरीले घे अन् बस गा. तिथून नागपूरची गाडी भेटन. रोशनी, तू पण बस."

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. भारतीताईंचा अंदाज खरा ठरला. काजलचं रक्त फार कमी झालं होतं. ते चढवलं, सलाईन लावलं, रोजच्या गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरबाईंनी बजावलं की थंडीत, गार पाण्यात काम नको, आणि पाणी भरपूर पीत जा. रोशनीनं प्रज्वलचं विचारलं. डॉक्टरबाई तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आता खात्रीनं सांगता येणार नाही. पण त्यालाही हेच असू शकतं. तुमची चूक नाही हं. आणि हिला आता आपण सांभाळू शकतो." रोशनी खूप रडली. मग उठून तोंड धुतलं आणि काजलला पाणी पाजलं.

प्रेमिलाबाईंचं घर जवळ, म्हणून त्या रोज डबा घेऊन जात. काजलच्या उशाशी तिचं चित्र होतं. शेजारच्या खाटेवरची पोरगी पुस्तक वाचायची. एक दिवस काजलनं आपलं चित्र पुढे केलं.

"बाई, माह्या फोटोखाली काय लिवलं आहे?"

प्रेमिलाबाईंना वाटलं, थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. गावच्या शाळेत तिचं नाव होतं, पण सहा महिने तिथं, सहा महिने भट्टीवर, अशात अक्षरं कधी बसलीच नव्हती. स्वतःच्या चेहऱ्याखालचं स्वतःचं नाव तिला वाचता येत नव्हतं.

प्रेमिलाबाईंनी तिचं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवलं. का, ज, ल. संध्याकाळी त्या भारतीताईंना फोनवर म्हणाल्या, "या पोरायले शाळेत काहून नाही टाकत वं?"

"कितींदा मागितलं ताई! शिक्षण खात्याचे लोक पाहणीत लिहून गेले आहेत, या हद्दीत शाळेबाहेरचं एक पण मूल नाही. पोरं त्यायच्या गावच्या शाळेच्या पटावर आहेत म्हणते. इथं ते नाहीतच."

"नाहीत? माह्याजवळ तं सारे आहेत."

गावच्या सरपंच अश्लेषाताई वयानं तरुण, बोलायला सडेतोड. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीले ग्रामसभा आहे. शिक्षण खात्याचे साहेब येऊन राहिले. तुमचे चित्रं घेऊन या."

प्रेमिलाबाई आधी भट्टीवर गेल्या आणि झोपडी-झोपडीत विचारलं, लावू का तुमच्या लेकराचा चेहरा? पोरांनाही विचारलं. एका आईनं नको म्हटलं, तिच्या पोराचं चित्र बाजूला ठेवलं. बाकीची घेतली.

झेंडावंदनाच्या दिवशी सकाळी मी माझी शिडी आणि दोरी घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. ग्रामपंचायतीच्या अंगणात या झाडापासून त्या खांबापर्यंत आणि तिथून फाटकापर्यंत दोरी बांधली आणि चिमटे लावून चेहरे टांगले. वाऱ्यानं ते हलत होते. झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, आणि माणसं खुर्च्यांकडे जायच्या ऐवजी दोरीकडे वळली.

"अरे, हा तं आपल्या दुकानात बिस्किटाले येते!"

"हे पोट्टी बोअरवर पाणी भरते ना? हिचं नाव आरती आहे काय! मी तं तिले 'ए पोरी' म्हणतो."

सभा सुरू झाली. साहेब उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, समोर जे लिहिलेलं होतं ते त्यांनी वाचलं. "आमच्या नोंदीप्रमाणे या हद्दीत शाळाबाह्य मूल नाही."

मागून एक म्हातारा उठला. काठीनं दोरीकडे दाखवून म्हणाला, "मंग हे कोण आहेत साहेब?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात फाटकाशी ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॉलीत उभी होती भट्टीवरची पोरं. केस विंचरलेली, कुणाच्या अंगात स्वेटर, कुणाच्या अंगात आईचा ब्लाऊज. आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बाबनराव. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले तसे ते खाली उतरून म्हणाले, "इथं जिलबी वाटून राहिले म्हणून घेऊन आलो."

पोरांनी जिलबीकडे पाहिलंही नाही. ती दोरीकडे धावली. आपला चेहरा शोधायचा आणि त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाहता पाहता प्रत्येक चित्राखाली तेच पोर उभं राहिलं. दवाखान्यातून दोनच दिवसांपूर्वी सुटलेली काजल रोशनीचा हात सोडून गेली आणि आपल्या पिवळ्या डोळ्यांच्या चित्राखाली उभी राहिली. तिचे डोळे आता बरेच निवळले होते.

 साहेब पुढे आले आणि दोरीच्या कडेकडेनं चालू लागले. एकेका पोरापुढे थांबत, चित्र पाहत, चेहरा पाहत. "नाव काय बाळ?" काजलपुढे आले तेव्हा तिनं नाव सांगितलं नाही. तिनं टाचा उंचावून चित्राखालच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकेक करून वाचलं, "का. ज. ल."

टाळ्या कुणी सुरू केल्या ठाऊक नाही. प्रेमिलाबाई फाटकापाशी खांब धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

गावच्या शाळेचे मुख्याध्यापक तर खुर्चीवर जवळजवळ उभेच राहिले. "साहेब, मले द्या ही पोरं! माह्या शाळेत बेंच आहेत अन् पोरं नाहीत. पट असाच घसरला तं एक शिक्षक जाईन माहा." अश्लेषाताईंनी ठराव मांडला. हात इतके वर गेले की मोजायचं कुणाला सुचलं नाही. साहेब माइक न घेताच म्हणाले, "मी उद्या स्वतः येतो. नावं घालूनच जातो."

आणि ते आले. दुसऱ्या दिवशी भट्टीवरची पोरं शाळेत बसली. मालकानं थोडी कुरकुर केली, पण अख्खं गाव एका बाजूला पाहून तो गप्प झाला. सकाळी ट्रॉली पोरांना सोडू लागली. महिनाभरात नदीकाठच्या आणखी दोन भट्ट्यांवरून भारतीताईंना निरोप आले, तुमच्या त्या चित्रवाल्या बाईंना इकडेही पाठवा. भारतीताईंनी तिथल्या सगळ्या पोरांची सिकलची तपासणीही करून घेतली. दोघं सापडली, आणि वेळेवर सापडली.

यंदा दिवाळीनंतर ट्रक आले त्या दिवशी प्रेमिलाबाई नवी वही आणि रंग घेऊन सकाळपासून भट्टीवर हजर होत्या. नव्या हंगामाचे चेहरे पहिल्याच दिवशी सुरू करायचे असं त्यांनी ठरवलं होतं. काजल गळ्यात पाण्याची बाटली अडकवून ट्रकमधून उतरली. चांगली वाढली होती. आईची भांडी अजून खाली यायची होती, तोच तिनं विचारलं, "बाई, शाळा भरली का?"

"भरली असन. बस पयले, तुहा चेहरा काढू दे."

"आज नाही बाई, उशीर होते!" असं म्हणून काजल वाटेला लागली, तिच्यामागे आरती, आणि मग बाकीचीही, प्रवासाची धूळ अंगावर तशीच. रोशनी हाका मारत राहिली, "अवं, तोंड तं धुवा!" कुणी मागे वळून पाहिलं नाही. प्रेमिलाबाई कोरी वही मांडीवर घेऊन गाठोड्यावर बसल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.